पाच वीसच्या गाडीतल्या दोघी

१२ नोव्हेंबर, बुधवार
कुडाळ–मालवण, संध्या. पाच वीसची. ड्रायव्हर सावंतमामा, म्हणजे गाडी वेळेवर आणि तोंड चालू. एमआयडीसीच्या थांब्यावर त्या दोघी चढल्या आणि मागून तो माणूस. दहा-बारा दिवस रोज बघतेय. मुली बहिणी असणार, चेहरे सारखे, मणिपूर-नागालँडकडच्या वाटतात. थोरली बावीस-तेवीसची. धाकटी शाळेत असायला हवी अशी. तिघांची तिकिटं माझ्याकडून तोच काढतो, धामापूरपुढची, आणि तिन्ही स्वतःच्या खिशात घालतो.
आज त्याने थोरलीला उठवलं आणि धाकटीशेजारी स्वतः बसला. ती खिडकीला चिकटली.
मी : "ही सीट बायकांची आहे."
हसला. "घरचीच आहेत, मॅडम."
मी थोरलीकडे बघितलं. तिने मान हलवली. नाही म्हणून. की गाडी खड्ड्यात गेली म्हणून हलली?
तिथे खड्डा नाही. तो पट्टा नवा केलाय.
त्याला उठवला. उभा राहिला, पण हात सीटच्या पाठीवर, धाकटीच्या केसांपाशी. मालवणला उतरल्यावर सावंतमामाही म्हणाले, "सिल्विया, तो माणूस बरो नाय."
म्हणजे आरशातून त्यांनाही दिसतंय.

१४ नोव्हें., शुक्र.
दिलं! तो दारात उभा राहून फोनवर बोलत होता, पाठ आमच्याकडे. मी थोरलीच्या हातात कागदाची घडी ठेवली, माझा नंबर आणि हिंदीत एक ओळ : कुछ भी हो, फोन करो. तिने वर बघितलं नाही. घडी बुटात गेली.
अकरा वर्षं कंडक्टर आहे, अशी चूक कधी झाली नव्हती : पुढच्या माणसाला वाटेतल्या चौके गावाऐवजी मालवणचं तिकीट फाडलं.

१५ नोव्हें., शनि.
फोन आला. दुपारी, अनोळखी नंबर. नेरूरच्या शोभाकाकींचा, त्या काजूच्या कारखान्यात थोरलीच्या शेजारी बसून काजूगर निवडतात. आधी काकीच बोलल्या, "बाय, तू एसटीतली मां? ह्या पोरीक बोलाचा आसा," आणि फोन तिला दिला.
तिची हिंदी तुटकी, माझी त्याहून. कळलं ते असं. गाव मणिपूरच्या डोंगरात होतं. जाळलं. वडील आधीच गेलेले. आई, या दोघी आणि धाकटा भाऊ दीड वर्ष शिबिरात, एका शाळेच्या वर्गात, वीस कुटुंबं. तिथे हा माणूस आला. मुलींना नर्सिंग शिकवतो म्हणाला. आणलं इथे, काजू भरायला. कागदपत्रं, फोन, सगळं त्याच्याकडे. राहायची खोली धामापूरपुढे, वस्तीपासून लांब. खोलीला आतून कडी नाही.
मी विचारलं, बहीण किती वर्षांची?
"कार्ड में उन्नीस."
"और सच में?"
"सोलह. कार्ड उसने बनाया."
म्हटलं, सोमवारी गाडीत मी आहे. काही झालं तर ओरड. मोठ्याने. गाडीत सगळी आपली माणसं आहेत.
आपली माणसं, असं म्हणून टाकलं खरं.

१७ नोव्हें., सोम.
काय दिवस! लिहिते तसं लिहिते, क्रम लागो न लागो.
गाडी गच्च. मी मागे तिकिटं फाडत. एमआयडीसी सोडून पाच मिनिटं झाली आणि पुढून आवाज, थोरलीचा : "हात हटाओ! हात हटाओ उसके ऊपर से!"
मी माणसांतून वाट काढत पुढे. तो उठलेला, धाकटीचं मनगट धरलेलं, म्हणतोय उतर, नाटक करू नको. नेरूरचा थांबा आलेला, गाडी थांबलेली, दार उघडं. दोन पावलांत खाली गेला असता तिला घेऊन.
मी दारात उभी राहिले. दार ओढलं. डबल बेल दिली, गाडी सोडायची.
सावंतमामा : "काय गो झाला?"
"मामा, आता खंय थांबू नको. सरळ मालवण. पोलीस ठाण्यात."
मामांनी एकदा आरशात बघितलं. "धरून बसा सगळी."
आणि गाडी सुटली. मला मी इतकी उंच कधीच वाटले नव्हते. थोरलीने बहिणीला ओढून घेतलं. तो मागच्या संकटकाळच्या दाराकडे निघाला, तर वाटेत नेरूरला चढलेली एक जाडजूड मावशी दोन पिशव्या घेऊन बसलेली. ती उठलीच नाही. पाय आडवे केले : "माज्या अंगावरसून जा बघूया." दोन बाप्ये माणसं उभी राहिली. मग बसला तो. जिथे बसवला तिथे.
कॉलेजची एक मुलगी फोन काढून शूटिंग करायला लागली. मी म्हटलं, त्याचं कर, पोरीचा चेहरा नको. तिने कॅमेरा लगेच वळवला. शहाणी पोर.
एक आजोबा : "माका चौक्याक उतराचा आसा!"
मामा : "उतरशात. पयला मालवण."
"आणि परत कसो येव मी?"
"मी सोडतंय. स्कूटरवरसून."
सगळी गाडी हसली. त्या परिस्थितीत! आणि धाकटी, जिला शब्द कळला नव्हता, तीही हसल्यासारखी झाली. थांब्याथांब्यावर माणसं हात दाखवत होती आणि आम्ही धुरळा उडवत पुढे. अकरा वर्षांत नेरूरपुढे एकही थांबा न घेतलेली ही पहिली फेरी.
ठाण्याच्या आवारात अख्खी एसटी! हवालदार बाहेर पळत आला, त्याला वाटलं अपघात. सोळा प्रवाशांनी नावं लिहून दिली. ते आजोबा सगळ्यांत आधी सही करून मोकळे.
महिला पी.एस.आय. मॅडमनी मुलींना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, पाणी दिलं, मग विचारलं. कुडाळच्या पार्लरमधली एक मणिपूरची मुलगी फोनवरून भाषा सांगत होती. त्याला अटक.
धाकटीचं वय विचारलं. थोरली म्हणाली, उन्नीस.
मी काही बोलले नाही.
मॅडमच्या परवानगीने दोघी आमच्या घरी. मम्माने दारातच विचारलं, "कोणाची गो ही चेडवां?" म्हटलं, सांगते. तिने पेज वाढली, वर सुकटीची चटणी. धाकटीने तीनदा घेतली.

१८ नोव्हें., मंगळ.
डेपोत अहवाल दिला. साहेबांनी वाचला. "थांबे चुकले ते लिहा. कारणही लिहा. ठळक लिहा." आणि चहा मागवला.
यापुढेही रोजनिशीत मुलींची खरी नावं नाहीत. मॅडमनी बजावलंय, कायदा आहे. थो. आणि धा.
संध्या. मॅडम घरी आल्या, साध्या साडीत. थो.ला म्हणाल्या, ही एकोणीसची नाही, मला दिसतंय. खरं वय सांगितलंत तर पोक्सो लागेल, तो सहज सुटणार नाही. पण मग ती अल्पवयीन, तिला बालकल्याण समितीसमोर न्यावं लागेल, आणि ती कुठे राहणार ते समिती ठरवेल.
थो. : "मतलब अलग?"
मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "काही दिवस. कदाचित."
गाव सोडल्यापासून बहिणीचा हात सोडलेला नाही तिने. शौचालयाच्या बाहेरसुद्धा उभी राहते. ती कशी हो म्हणेल? आणि मी कोण तिला सांगणारी?
मम्मा कानाशी आली. "सिल्वू, परक्यांची पोरां, पोलिसांची भानगड. गाव काय म्हणात?"
म्हटलं, गाव एसटीत होता मम्मा. गावाने सही केलीय.

१९ नोव्हें., बुध.
धा.ने सांगितलं! स्वतः. सकाळी मॅडम आल्या, थो. तोंड उघडायच्या आत ही उठून उभी राहिली आणि शाळेत हजेरी देतात तशी म्हणाली, "सोलह." मग आणखी काही त्यांच्या भाषेत, बहिणीकडे बघून. थो. रडायला लागली.
नंतर थो.ला विचारलं, काय म्हणाली ती?
"बोली, तू बहुत संभाली. अब मैं बोलूँगी."
मी मागच्या दारी जाऊन तोंड धुतलं. मग ड्यूटी.

२० नोव्हें., गुरु.
ओरोसला समितीसमोर. वयाचा पुरावा नाही, कार्ड बनावट, म्हणून चौकशी होईपर्यंत धा. मुलींच्या बालगृहात. दुसऱ्या जिल्ह्यात, इथून चार तास. अध्यक्षबाई वाईट नव्हत्या, दोनदा म्हणाल्या, कायमचं नाही. पण जीप निघाली तेव्हा थो. जी रस्त्यावर बसली ती...
मी परत आत गेले. विचारलं, तिला माझ्या घरी ठेवायचं तर काय करावं लागतं?
बाई चष्म्यातून बघत राहिल्या. "तुम्ही नातेवाईक?"
"नाही. मी कंडक्टर."
कायद्यात तशी सोय आहे म्हणाल्या, 'योग्य व्यक्ती' म्हणून अर्ज करायचा. गृहभेट, पोलीस तपासणी, मुलीच्या आईची संमती, वयाचा दाखला. अर्ज तिथेच बसून लिहिला. थो.ने माझ्या सहीकडे बोट लावून विचारलं, ये तुम्हारा नाम? हो. तिने ते वाचून बघितलं, सिल-वि-या.

२३ नोव्हें., रवि.
पहाटेच्या गाडीने थो.ला घेऊन बालगृहात. दोन बहिणी एका बाकावर, तासभर, एकच संत्रं सोलत. धा. बरी आहे. तिथल्या मुलींनी तिला फुगडी शिकवली. मला उठवलं आणि घातली माझ्याशी!
पण निघताना तिने विचारलं, हाडांचा फोटो काढणार म्हणतात, दुखतं का? वयासाठी. शाळेचा दाखला असता तर ते टळलं असतं. शाळा जळली.

२६ नोव्हें., बुध.
गृहभेट. सरकारी सामाजिक कार्यकर्त्या आल्या. खोली, न्हाणी, दाराच्या कड्या सगळं बघितलं. कड्या मी कालच नव्या बसवल्यात, आतून, दोन-दोन. खेचून बघितल्या त्यांनी.
"घरात पुरुष कोण?"
"कोणी नाही. आई आणि मी."
"बरं." लिहून घेतलं.
अडतीस वर्षांत पहिल्यांदा या उत्तराला कोणी बरं म्हणालं.
मग मम्माला विचारलं, आजी, तुमची हरकत? मम्मा म्हणाली, "हरकत कसली? त्या धाकल्याक कोणी जेवूक घालता काय थंयसर? ता हाडाडलेला आसा." आणि बाईंनाच दटावलं, "कधी धाडतास तां सांगा."

२९ नोव्हें., शनि.
आला आला आला! दाखला आला!
थो.ने शिबिरातल्या आईला फोन केला, आईने शोधत शोधत शाळेच्या मुख्याध्यापिकेला गाठलं. ती दुसऱ्या शिबिरात. आणि तिच्याकडे प्रवेशाचं रजिस्टर आहे! गाव पेटलं तेव्हा बाईने घरातलं काही उचललं नाही, रजिस्टर पाठीला बांधून जंगलातून दोन दिवस चालत आली. फोटो पाठवला. कडेला काळं झालेलं पान, धा.चं नाव, जन्मतारीख. सोळा पुरी व्हायला अजून तीन महिने!
म्हणजे पंधराच. तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.
शिक्क्याचं पत्र पोस्टाने निघालंय. मी मॅडमना फोटो पाठवला, समितीला पाठवला, चुकून सावंतमामांनाही पाठवला. त्यांचा उलट फोन, "ह्या काय गो?" समजावलं. म्हणाले, "त्या बाईक माझो नमस्कार कळय."
संध्या. व्हिडिओवर दोघींची आई. संमती द्यायला. तिकडे ती, इकडे मम्मा. एकीचा शब्द दुसरीला कळत नाही, आणि दहा मिनिटं बोलल्या! मम्मा मालवणीत, ती तिच्या भाषेत. शेवटी दोघींनी हात जोडले. विचारलं, काय बोललीस? "तां आमचां आमका."

४ डिसेंबर, गुरु.
समितीचा हुकूम. धा. तीन महिने माझ्या ताब्यात, मग पुन्हा आढावा. अध्यक्षबाई धा.ला म्हणाल्या, तुला जायचंय का यांच्याकडे? खरं सांग. ती म्हणाली, बहीण जिथे तिथे. मग माझ्याकडे बघून, "और चटनी."
पाच वीसची गाडी. माझी ड्यूटी नव्हती, प्रवासी म्हणून बसले दोघींमध्ये. सावंतमामांनी नेरूरला गाडी उभी केली तर थांब्यावर शोभाकाकी, हातात काजूगराचा डबा. खिडकीतून आत दिला. बोलायला वेळ नव्हता, मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

१४ डिसें., रवि.
घरात काय गोंगाट! अंगणात नाताळचा तारा लागलाय, कागदाचा, धा.ने कापला, थो.ने बांधला, मी शिडी धरली. मम्मा खालून हुकूम सोडतेय. धा.ला नववीत प्रवेश मिळाला. मराठी येत नाही, पण गणितात पहिल्याच आठवड्यात वर्गाला मागे टाकलं. सरांनी सांगितलं.
ती मालवणी उचलते मम्माची. आज मासेवालीला म्हणाली, "माका नको, महाग आसा." मासेवाली थक्क. भाव उतरवला!
तिने विचारलं, वहीत मला काय लिहितेस? धाकटी म्हटलं. अर्थ सांगितला. विचार करून म्हणाली, कोर्टाचं संपेपर्यंत चालेल. मग माझं नाव लिही, पूर्ण, मोठ्या अक्षरात.
पण सगळं गोड नाही, तेही लिहायला हवं. परवा कोणी बाहेरून कडी वाजवली तर धा. पलंगाखाली. पोस्टमन होता. बराच वेळ बाहेर आली नाही. थो. जमिनीवर आडवी पडून तिच्याशी हळू बोलत राहिली. मी काहीच करू शकले नाही. पोस्टमनला फक्त सांगितलं, पुढच्या वेळी लांबून हाक मार.

२४ डिसें., बुध.
नेवऱ्या, म्हणजे करंज्या. शंभरावर. थो.च्या सगळ्या एकसारख्या, धा.च्या फुटलेल्या, माझ्या मधल्या. त्यांच्या गावी नाताळला काय करतात, थो. पहिल्यांदा सांगायला बसली. शेकोटी, भात, डोंगर उतरत येणारी गाणी. आणि मध्येच थांबली. मम्माने तिच्या पुढ्यात आणखी एक गोळी ठेवली. ती लाटायला लागली.

८ जानेवारी, गुरु.
धा.चा जबाब, न्यायाधीशांसमोर. बाई न्यायाधीश. आत फक्त ती आणि भाषा सांगणारी. मी आणि थो. बाहेर बाकावर. दीड तास. थो.ने माझ्या हातावर नखांचे वळ उठवले.
बाहेर आली तेव्हा चेहरा लाल, पण चालणं! ताठ. म्हणाली, "सब बोल दिया. जो भूल गई थी, वो भी याद आया, वो भी बोला."
मग म्हणाली भूक लागलीय. कुडाळला उसळपाव, दोन प्लेट. मी तिसरी मागवली, माझ्यासाठी. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

१९ जाने., सोम.
जामीन मिळाला त्याला. अट आहे, जिल्ह्यात पाऊल टाकायचं नाही, मुलींशी संपर्क नाही. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. आरोपपत्र पुढच्या महिन्यात. आता खटला, किती दिवस कोण जाणे.
मला वाटलं घर पुन्हा गप्प होणार. मी म्हटलं, काही दिवस दोघी घरातच राहा. थो. : "दीदी, शिबिर में भी यही बोलते थे. बाहर मत जाओ. वो बाहर घूमता था, हम अंदर."
मी अंगणात गेले. तारा अजून उतरवला नव्हता, तो उतरवला.

२३ जाने., शुक्र.
शोभाकाकी घरी. नेरूरला बायकांच्या बचत गटाचा काजूचा उद्योग आहे, तिथे थो.ला काम. मालक नाही, मुकादम नाही, अकरा बायका. कागदपत्रं हिच्या स्वतःच्या पिशवीत, पोलिसांनी परत दिलीत. मंगळवारपासून. काकी म्हणाल्या, "एकटा येशीत मां गो?" थो. : "येतंय."
येतंय! मालवणीत!

२७ जाने., मंगळ.
माझी साप्ताहिक सुट्टी. मी म्हटलं, सोडायला येते. थो. नाही म्हणाली. "आज नहीं, दीदी." धा.लाही शाळेत सोडू नको म्हणाली. आठवड्यापासून तीही एकटीच जायचं म्हणत होती.
मी मम्माकडे बघितलं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "जाऊ दी."
साडेआठला धा. गेली. कोपऱ्यावर वळताना मागे बघितलं नाही. नऊ वाजून दहाच्या गाडीला थो. केसांना तेल लावून, डबा घेऊन. सावंतमामा आज नाहीत त्या गाडीवर. कोण आहे ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दोनदा फोन हातात घेतला.
आनंद की भीती, काय आहे हे छातीत, मला वेगळं काढता येत नाही. बायका रोज चढतात-उतरतात माझ्या गाडीत, शेकड्यांनी, मी कधी कोणासाठी घड्याळ बघितलं नव्हतं.
गाडी नेरूरला दहाच्या आसपास पोचते. दहाला पाच कमी आहेत. मम्मा हाक मारतेय, चहा थंड होतोय. जाते.